नैऋत्येची खिडकी

बिल्डरने आमच्या नव्या इमारतीची जी रंगीत पुस्तिका काढली होती, तिच्यात समुद्र होता. लालबागमध्ये समुद्र नाही हे इथल्या मांजरांनाही ठाऊक आहे. पण पुस्तिकेत इमारतीच्या पायाशी निळंशार पाणी होतं आणि गच्चीत एक गोरी बाई केस उडवत उभी होती. सगळ्या चाळीत ती पुस्तिका हातोहात फिरली. पुरुष चौरस फूट बघत होते, बायका त्या बाईचा गाऊन बघत होत्या. मी तिचे केस बघत होते. केस उडताहेत म्हणजे वारा आहे. मनात म्हटलं, बाकी सगळं खोटं निघू दे, तेवढं एक खरं निघालं तरी पुरे.

मी फारशी बोलत नाही. चार माणसं जमली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. गावी चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही उत्तर येत असून बोट वर करायची नाही. लिहिताना मात्र कुणी तोंडाकडे बघत बसत नाही, म्हणून लिहिते. वाचणार कुणी नाही, तेव्हा मनात आहे तसंच लिहीन.

आमचे हे गिरणीत होते. कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस विंचरून त्याचे पेळू करतात तिथे. त्या खात्यात खिडक्या उघडायच्या नाहीत असा नियम. वारा आला की पेळू तुटतो, म्हणून वाऱ्याला बंदी. आत कापसाचं तूस इतकं, की पाळी सुटल्यावर माणसं बाहेर पडायची ती पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखी. सासरेही त्याच खात्यात होते. मागावर, म्हणजे कापड विणतात तिथे, पगार बरा आणि हवाही बरी, पण तिथे नवी नळी घातली की धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या बौद्धांच्या माणसाने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. आमचा श्वास त्यांच्या दोऱ्याला लागायचा नाही, म्हणून आम्ही त्यांच्या कापसाचं तूस श्वासात घ्यायचं. यांच्या वेळेपर्यंत तोंडावर तसं कुणी म्हणेनासं झालं होतं, पण बाप ज्या खात्यात, मुलगा त्याच खात्यात चिकटायचा. पुढे गिरणी गेली. मशिनं भंगारात गेली, जागेवर काचेचा मॉल उभा राहिला. तूस तेवढं यांच्या छातीत राहिलं. ते कुणी विकत घेतलं नाही.

चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि गॅलरी पश्चिमेला. दुपारी जेवणं आटपली की पश्चिमेकडून वारा सुटायचा. आधी वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाह्या हलायच्या, मग दारावरचा पडदा आत यायचा. हे गॅलरीत स्टुलावर बसायचे आणि छाती उघडी टाकायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. रोज येणाऱ्या गोष्टीचं कुणाला काय वाटतं?

चाळ पाडली आणि नवी इमारत होईपर्यंत आम्हाला अँटॉप हिलला ट्रान्झिट कॅम्पमध्ये पाठवलं, तेव्हा समजलं. एका इमारतीच्या पोटात दुसरी इमारत, मागे टेकडी, आणि खोलीला पूर्वेकडे एक हातभर खिडकी. तिथे वारा यायचाच नाही. फॅन लावला की तीच हवा गरगर फिरायची, आदल्या दिवशीच्या आमटीच्या वासासकट. तिथे यांचं आडवं झोपणं बंद झालं. आडवं झालं की दम कोंडायचा. पेटीवर उशा रचायच्या, तिला टेकून बसायचं आणि बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. खिशात दम्याचा पंप. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, मग तिसरा. बिल्डर तीन वर्षांत घर देतो म्हणाला होता. त्याची तीन वर्षं कुठल्या देशाची होती कोण जाणे.

मी तेव्हा दादरला समुद्राजवळच्या एका घरी पोळ्या करायला जायची. त्यांचं घर असं, की खिडकी उघडली तर लाटांचा आवाज स्वयंपाकघरात यावा. पण उघडेल कोण? खिडक्यांना काचा, काचांना पडदे, वर एसी. आणि कोपऱ्यात बादलीएवढं एक पांढरं मशीन, हवा साफ करणारं. त्याच्यावर दिवा होता. हवा चांगली की निळा, वाईट की लाल. मी आमटीला फोडणी दिली की तो लाल व्हायचा आणि आतून त्या बाई ओरडायच्या, “मावशी, काय केलंत? मशीन लाल झालं!”

“हिंग टाकला, बाई.”

“खिडकी नका हं उघडू! बाहेरची हवा आत येईल.”

बाहेरची हवा म्हणजे आफ्रिकेपासून पाण्यावरून धुऊन आलेली. दारात उभी. तिला आत घ्यायचं नाही, आणि मशीनला महिन्याच्या महिन्याला नवी जाळी घालायची. त्यांच्या घरी वारा रोज येऊन काचेवर डोकं आपटायचा. मी पोळी लाटता लाटता ऐकायची आणि मनात म्हणायची, रस्ता चुकलास बाबा. जिथे तुझी वाट बघतात तिथे तू येत नाहीस.

आफ्रिकेचं मला कसं ठाऊक, तर नातीच्या पुस्तकातून. मुलगा आणि सून विरारला राहतात. नात शाळेसाठी आमच्याकडे असते, सातवीत आहे. ती शाळेत गेली की मी तिचं भूगोलाचं पुस्तक काढून वाचते. आमच्या चौथीत हवा एवढीच होती, की ती सगळीकडे असते आणि दिसत नाही. हिच्या पुस्तकात हवेला वजन आहे, दाब आहे, थर आहेत आणि अख्ख्या पृथ्वीवर तिचे पट्टे आखलेले आहेत. इथून वारा सुटतो, तिथे खाली उतरतो, इथे वळतो. सगळीकडे बाण. पृथ्वीच्या पोटावर जिथे ऊन जास्त तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा भरायला दोन्ही बाजूंनी वारे धावतात. मधे एक शांत पट्टा आहे. तिथे म्हणे पूर्वी शिडाची जहाजं अडकून पडायची. वाचून हसू आलं. म्हटलं, अँटॉप हिलच्या ट्रान्झिटचं नाव घालायला विसरले.

नकाशात मुंबईवर ईशान्येकडून आलेला बाण होता. मी म्हटलं, पुस्तक चुकलं. आयुष्यभर वारा पश्चिमेकडून खाल्ला आणि हे ईशान्य दाखवतात. नात घरी आल्यावर तिला विचारलं.

“आजी, तो वर्षभराचा मोठा वारा आहे. पुढचं पान बघ ना. उन्हाळ्यात जमीन तापते, मग खालच्या अर्ध्या पृथ्वीवरचा वारा विषुववृत्त ओलांडून येतो. ओलांडला की वळतो. आणि नैऋत्येकडून आपल्यावर येतो. पाऊस घेऊन.”

“आणि दुपारी रोज येतो तो?”

“तो खारा वारा. समुद्रावरून जमिनीवर. तोपण पश्चिमेकडूनच.”

“म्हणजे काय गो, सगळा पश्चिमेकडूनच की!”

“तुला परीक्षा आहे का?” ती म्हणाली आणि पुस्तक ओढून घेतलं.

इमारत झाली. चिठ्ठ्या काढून घरं वाटली. आम्हाला अकराव्या मजल्यावरचं पूर्वेचं घर लागलं. लोक येऊन अभिनंदन करायला लागले, जणू मुलगा झाला. पूर्वेचं दार, ईशान्येला कोपरा, देवघराला जागा. आमच्या भिंतीवर दोन तसबिरी लागतात आणि त्या कुठल्याही भिंतीला चालतात, पण अभिनंदन करणाऱ्याला ते कोण सांगणार? मुलाचा विरारवरून फोन आला, “आई, लॉटरी लागली. पूर्वेच्या घराला भाव जास्त. आता कुणाला काही बोलू नकोस.” मला काही बोलू नकोस असं सांगणारा तो जगात एकटाच असेल.

घरं बघायला बोलावलं, तेव्हा हे आले नाहीत. त्यांना तेवढं चालवलं नसतं. मी गेले. पूर्वेच्या घरात फरशी चकाचक. खिडकी उघडली तर समोर बिल्डरच्या विक्रीसाठीच्या टॉवरचे पार्किंगचे मजले, हात लांब केला तर गाडीच्या काचेवर नाव लिहिता येईल एवढ्या अंतरावर. भर दुपारची वेळ होती. मी पदर खिडकीबाहेर धरला. पदर मेल्यासारखा लोंबत राहिला. मी तशीच उभी राहिले. म्हटलं, अँटॉप हिलला लिफ्ट लावून अकराव्या मजल्यावर चढवलं, दुसरं काही केलं नाही.

त्याच मजल्यावर टोकाला नैऋत्येच्या कोपऱ्यातलं घर होतं. ते चाळीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंना लागलं होतं. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. शब्द स्पष्ट, साडी इस्त्रीची. त्या दारात उभ्या राहून रडत होत्या. मी डोकावले तेवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं. ताईंनी छातीला हात लावला.

“बघितलंत वहिनी? पाय टाकला नाही तोच! कुणी हात लावला होता का त्याला? सांगा.”

“वारा आहे, ताई.”

“वारा कसला? नैऋत्य आहे ही. राक्षसाची दिशा. गुरुजींनी फोनवर सांगितलं, ही खिडकी कायमची बंद करा आणि समोर लोखंडी कपाट उभं करा. जड ठेवायची असते ही बाजू.”

मी आत गेले. खिडकीबाहेर दुसऱ्या एका जुन्या गिरणीचं मोकळं आवार होतं, मधे तिची धुराची एकटी चिमणी, आणि पुढे खालच्या खालच्या छपरांवरून वारा सरळ येत होता. पदर डोक्यावरून उडून मागे गेला. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यानेच. ज्या दिशेने अख्ख्या देशाचा पाऊस येतो, ज्या वाऱ्याची वाट बघत सरकारपासून शेतावरच्या बैलापर्यंत सगळे आभाळाकडे तोंड करून बसतात, त्या दिशेला हे लोक कपाट लावणार. आणि राक्षस तिचा मालक. वा रे गुरुजी.

त्या क्षणी मला समजलं, की हे घर यांना मिळालं नाही तर नव्या इमारतीतही ते पेटीला टेकून बसूनच दिवस काढतील. आणि किती काढतील, ते मला मनातसुद्धा म्हणवेना. ताबा घ्यायच्या आधी दोघांच्या संमतीने घरं बदलता येत होती. फक्त कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

भांडी घासताना मी वाक्य पाठ केलं. “ताई, तुम्ही आमचं घर घ्या, आम्ही तुमचं घेतो.” सोपं आहे. पहिलीतलं पोर म्हणेल. तरी ट्रान्झिटमध्ये त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी एकदा परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनीच दार उघडलं, मग इलाज राहिला नाही.

ऐकून ताई खुर्चीत सरळ बसल्या.

“तुम्ही मला पूर्वेचं देणार? नैऋत्येच्या बदल्यात?”

“हो.”

“वर काही द्यायचं का?”

“नाही.”

“मग का?”

“यांना दम लागतो. तिकडे वारा येतो.”

“वारा?” ताई हसल्या. “वाऱ्यासाठी कुणी घर बदलतं का, वहिनी? फॅन आहे, एसी आहे. खरं सांगा. बिल्डरच्या माणसाने काही सांगितलं का? त्या बाजूने मेट्रो येतेय का? गिरणीच्या जागेवर बाग होणार आहे का?”

“मला काय ठाऊक?”

“तुम्ही गरीब दिसता हो, पण आहात आतल्या गाठीच्या.”

दोन दिवसांत ट्रान्झिटभर झालं, की अकराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यात काहीतरी आहे. आदल्या आठवड्यात ज्या घरासाठी ताई रडत होत्या, त्याच्याकडे बघायला माणसं जाऊन आली. एकाने खिडकीतून मोबाइलवर फोटो काढले. सेक्रेटरी, म्हणजे चाळीत असताना पाण्याच्या मोटारीची चावी कमरेला लावून फिरणारे गृहस्थ, मला जिन्यात थांबवून म्हणाले, “वहिनी, आमच्यापासून कशाला लपवता?” मी खाली बघितलं. खाली बघितलं की लोकांना वाटतं, लपवतेय.

वाऱ्यावर एकाचाही विश्वास बसला नाही. फुकट मिळणारी गोष्ट कुणाला हवी असेल, हेच त्यांच्या डोक्यात शिरेना.

मग एका सकाळी ताई आपणहून आल्या. चेहरा उजळलेला. “समजलं मला,” दारातूनच म्हणाल्या. “तुम्ही दाखवलंत ना कुणाला? तुमच्या मिस्टरांच्या नावाला नैऋत्य लाभते म्हणाले ना?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं! एकेकाची दिशा असते. मी उगीच शंका घेतली. आता हरकत नाही, करू अदलाबदल. फक्त एक,” त्या जवळ आल्या, “तुम्ही अजून त्या घरात काही केलं नाहीत ना? म्हणजे चूल, सामान, राहणं?”

“नाही. कोरं आहे.”

“तसं काही नाही हो. गुरुजी विचारतात म्हणून.”

गुरुजी काय विचारतात ते मला चांगलं ठाऊक होतं. सासऱ्यांनाही तेच विचारलं होतं, धोट्यापाशी. पण मी गप्प राहिले. मला वाटलं, माझ्या गप्प राहण्याचा जन्मभरात एकदा उपयोग होतोय, तर होऊ दे. लबाडी ताईंचीच, तोंडही त्यांचंच. मी फक्त उभी होते.

संध्याकाळी हे खालून आले ते दाराला धरूनच उभे राहिले. पेपरच्या दुकानापाशी ताईंच्या मिस्टरांनी त्यांना विचारलं होतं, “काय हो, तुमच्यातही दिशा बघायला लागले का आता?”

“काय सांगितलंस… तू त्यांना?” हे म्हणाले. पंप मारला. “मी आयुष्यात… सत्यनारायणाचं तीर्थ… घेतलं नाही. खात्यात… सगळे घ्यायचे. माझ्या बापाने… दारातला नारळ… फोडला नाही. आणि आता लोक म्हणणार… याने दिशा बघून घर घेतलं?”

“मी काही सांगितलं नाही. त्यांनीच धरून घेतलं.”

“मग नाही म्हण.”

“नाही म्हटलं तर त्या परत फिरतील.”

“फिरू दे.”

“अहो, तुम्हाला झोप नाही आडव्याने. त्या पूर्वेच्या खोलीत…”

“बसून मरेन,” हे म्हणाले. “पण गुरुजीच्या… नावाने मिळालेल्या घरात… पाय टाकणार नाही. ऐकलंस गो?” मग खाली बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मला इतका राग आला होता, की मी चहा केला तो एकच कप केला, त्यांच्याबरोबर प्यायला बसायचं नव्हतं. तत्त्व म्हणे. ज्यांच्या छातीत वारा शिरत नाही त्यांनी तत्त्वाला कुठे ठेवायचं? पण चहा त्यांच्यापुढे ठेवताना माझ्या डोक्यात तो धोटा आला.

अदलाबदलीच्या सह्या म्युनिसिपालटीच्या शाळेच्या हॉलमध्ये झाल्या. सगळी सोसायटी जमलेली. हे टॅक्सीने आले आणि मागच्या बाकावर बसले, माझ्या तोंडाकडे बघत. सेक्रेटरी मोठ्याने वाचत होते. आमचं नाव आलं. “परस्पर संमतीने. कारण, वास्तू.” कुणीतरी मागे वळून यांच्याकडे बघितलं आणि हसलं.

मी उठले. कशी उठले मला सांगता येणार नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती एवढं आठवतं.

“वास्तू नाही,” मी म्हटलं.

“काय? मोठ्याने बोला, वहिनी.”

“आम्ही वास्तू मानत नाही. कुणाला दाखवलेलं नाही. मला वारा पाहिजे. यांच्यासाठी.”

हॉलमध्ये खसखस पिकली. सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “वारा कारणांत नाही हो. कौटुंबिक आहे, वैद्यकीय आहे, वास्तू आहे.”

“मग वैद्यकीय लिहा.”

“त्याला डॉक्टरचा दाखला लागेल.”

मागच्या बाकावरून यांचा आवाज आला. “वास्तूला… दाखला लागत नाही?”

आता सगळे मोकळे हसले. मी हसले नाही. मी ताईंकडे बघत होते. त्या आता उठतील आणि म्हणतील, आमची संमती नाही. हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. ताई उठल्याच. इस्त्रीचा पदर सावरत माझ्यापर्यंत आल्या, माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून कुजबुजल्या, “वहिनी, बरोबर केलंत. चारचौघांत नसतं सांगायचं, गुण जातो. पण तुम्ही दाखवलंत तो माणूस फार चांगला दिसतोय. मला एकटीला त्यांचा नंबर द्या हं.”

आणि त्यांनी सही केली.

मी मागे वळून यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. आपण नाही म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, त्यांचं काम झालं होतं. कुणी विश्वास ठेवायचा की नाही हा त्यांचा प्रश्न नव्हता. कारण काय लिहिलं ते मी बघितलं नाही. सेक्रेटरींनी बहुतेक ‘कौटुंबिक’ लिहिलं. कुठे काही बसलं नाही की ते कौटुंबिकमध्ये घालतात.

आता आम्ही नैऋत्येच्या घरात राहतो. राक्षस अजून भेटलेला नाही. दुपारी जेवणं झाली की आधी खिडकीतल्या दोरीवरचा टॉवेल हलतो, मग कॅलेंडरची पानं फडफडतात. पावसात पाणी थेट आत येतं, मी पोतं टाकते, पिळते, परत टाकते. पाऊस नातीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बरोबर वळून येतो, त्या बाबतीत पुस्तकाला नाव ठेवायला जागा नाही. थंडीत मात्र वारा उशिरा सुटतो. कधी कधी सुटतच नाही, आणि गिरणीच्या चिमणीपलीकडे सगळं राखेच्या रंगाचं दिसतं. त्या दिवशी हे पंप हातात धरूनच बसतात. तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर हवेचे आकडे लाल होतात. आयुष्यात ज्यांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही ते लिफ्टमध्ये एकमेकांना विचारतात, वारा का बरं नाही? जशी काही त्यांनी मोलकरीण ठेवली होती आणि ती सांगून गेली नाही.

ताईंनी पूर्वेच्या घरात दोन एसी लावले आणि त्या दादरच्या बाईंसारखंच पांढरं मशीनही आणलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, ते पूर्वेच्या दारामुळे. दुपारी चहाचा कप घेऊन त्या आमच्याकडे येतात आणि खिडकीपाशी उभ्या राहतात. “तुमच्याकडे बरं वाटतं हो,” म्हणतात. “गुण आलाच शेवटी.” मी खाली बघते.

वाऱ्याने आमचं दार सारखं आपटायचं. मिक्सर आल्यापासून वरवंटा पडूनच होता, तो मी दाराला लावून ठेवला. एक दिवस ताई उंबऱ्यात थबकल्या. वरवंट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “हा असाच ठेवायचा का? आडवा?”

“आडवाच. उभा राहत नाही.”

“आणि तोंड आतल्या बाजूला?”

वरवंट्याला तोंड कुठे असतं ते मला ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात वरवंटा आला. नवा, लालबागच्या बाजारातून आणलेला, वर हळदीचं बोट. मग समोरच्यांच्या दारात आला. दहाव्या मजल्यावरही आहेत असं नात सांगते. एसीच्या बंद दारांपाशी ते पडून असतात आणि लोक त्यांना ठेच लागू नये म्हणून जपून ओलांडतात.

काल दुपारी मी आमचा वरवंटा काढून घेतला, मिरच्या वाटायच्या होत्या. दार धाडकन आपटलं. मी दचकून आत बघितलं, यांची झोप मोडली असेल म्हणून. खिडकीखाली सतरंजीवर हे आडवे झोपले होते, एका उशीवर, तोंड उघडं, सदऱ्याची बटणं सोडलेली. जागे झाले नाहीत. मी दार पुन्हा उघडलं, वरवंटा होता तिथे लावला, आणि मिरच्या मिक्सरमध्ये वाटल्या.